कोमट कुड्या

१

दर शुक्रवारी सकाळी मी दागिने धुते. रिठे आदल्या दिवशी भिजत घातलेले असतात. पाणी जरासं गरम करायचं, पितळी वाटीत ओतायचं, लहान मुलांचा मऊ टूथब्रश घ्यायचा आणि एकेक नग काढून घासायचा. खरं तर धुण्यासारखं त्यांच्यावर काही नसतंच. हिरा मंद होतो तो अंगाच्या तेलाने. कानामागचं, मानेवरचं, केसांतलं तेल ओढून घ्यायची त्याला फार खोड असते. माझे दागिने कुणी घालतच नाही, मग तेल येणार कुठून? तरी मी धुते. तमिळनाडूतल्या आमच्या कारैकुडीसारख्या गावात ज्या बाईला स्वतःच्या कमाईचे दागिने धुवत बसायची चैन परवडते, तिने ती खुशाल करावी असं माझं मत आहे.

लोक मला वेडी म्हणतात. "उमैयाळ आच्चीला घालायचं नाही, विकायचं नाही, मग घेते कशाला?" मी राखायला घेते. नवरा गेला तेव्हा माझी मुलगी तेनम्मै शाळेतही जात नव्हती. त्या दिवशी घरच्या बायकांनी मला मधे बसवलं आणि कानातल्या हिऱ्याच्या कुड्या उतरवायला सांगितल्या. आमच्या घराण्यात विधवेच्या कानात हिरा राहू देत नाहीत. माझे हात उठेनात. तेव्हा थोरल्या जाऊबाई, सिगप्पी अक्का, मागून आल्या आणि त्यांनीच डाव्या कानाची फिरकी सैल केली. त्यांची बोटं शिकेकाईने खरखरीत झाली होती. "घरातच राहतील गं, मी सांभाळून ठेवते," म्हणाल्या. आजतागायत सांभाळताहेत.

मग मी चकल्या तळल्या. लग्नांना लागणारा फराळ करून विकला, हाताशी चार बायका घेतल्या, पत्र्याची शेड टाकली, सिंगापूरला डबे पाठवायला लागले. आणि जमेल तसा एकेक नग घेत गेले. दुकानाच्या झगमगाटाला मी कधी भुलले नाही. घडणावळीत पैसा घालायचा तो फुकट जातो, दगडात घालायचा तो राहतो. चार बरे घेण्यापेक्षा एक उत्तम घ्यायचा, आणि घेतला की पुढच्या पिढीपर्यंत विसरून जायचं. जुन्या बर्मी माणकांचा एक हार आहे. बसऱ्याच्या मोत्यांची माळ आहे. पाचूची एक अंगठी आहे, तिच्यापायी कारखान्याची नवी भट्टी मी तीनदा पुढे ढकलली. नव्हत्या त्या फक्त सात-सात हिऱ्यांच्या कुड्या. आणि आमच्याकडे मुलीला लग्नात नेमक्या त्याच लागतात. एका पाण्याचे, एका मापाचे इतके दगड जुळून येणं सोपं नसतं. मी थांबले होते.

अशात चेन्नईला नोकरी करणाऱ्या तेनूचं लग्न ठरलं.

२

बातमी कळल्याबरोबर सिगप्पी अक्का केळ्यांचा घड आणि विडे घेऊन हजर.

"कुड्यांची काळजी तू करूच नकोस, उमैया. तुझ्या आहेत की माझ्याकडे. मांडवात सगळ्यांसमोर मी माझ्या हाताने घालीन पोरीच्या कानात."

म्हणजे माझीच वस्तू मला भिकेत. तीही भर मांडवात, फोटोसकट.

"नको अक्का. मी घेतेय तिला नव्या."

"घेतेयस? बरं बाई. घरात ठेवून तरी बघणार आहेस ना? का याही वेळी आपलंच खरं? विहीणबाई मला विचारत होत्या हो."

हे ठेवून बघणं म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रकरण. हिरा घ्यायच्या आधी काही दिवस देवघरात किंवा कपाटात ठेवतात. तेवढ्यात दूध नासलं, पोर पडलं, नवराबायकोत वाजलं, की हिरा लाभत नाही म्हणायचं आणि व्यापाऱ्याला परत करायचा. व्यापारी एका शब्दाने विचारत नाही. मी आजवर एकही दगड असा ठेवून बघितला नव्हता. सगळ्या गावाने माझी परीक्षा घेतली, आता मी दगडाची कशाला घेऊ? पण विहीणबाईंचं नाव मधे आलं. तेनूला सासरी पहिल्याच दिवशी टोमणा नको, म्हणून मी म्हटलं, "ठेवते पोंगलपर्यंत."

कार्तिगैच्या सणाचे दिवे लागायच्या आधी कदिरेसन आला. हा आमचा हिऱ्यांचा व्यापारी. त्याच्या बापाकडूनही मी घेतलंय. कदिरेसनची एक सवय मला पाठ आहे. दगड दाखवताना तो आधी स्वतः चिमटीत धरून चोळतो, पोराचा गाल ओढावा तसा. त्या दिवशी त्याने कुड्या रुमालात धरून काढल्या आणि रुमालासकट माझ्यापुढे सरकवल्या.

"हाताला काय झालंय तुझ्या?"

"काही नाही आच्ची. दगड मळतात."

भिंग लावून बघितलं. जुन्या पद्धतीचे पैलू, पांढरंशुभ्र पाणी, सगळे दगड एका आईची लेकरं. मागे जाड फिरकी, जुन्या कारागिराची. इतकी वर्षं मी ज्यांची वाट बघत होते त्या याच होत्या. मी काही बोलायच्या आत कदिरेसनने किंमत स्वतःहून खाली आणली. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. हिरा खरा की खोटा ते बघायला आम्ही तो ओठाला लावतो, खरा असला तर गारगार लागतो. सवयीने मी कुडी ओठाला लावली.

ती कोमट होती.

उन्हात ठेवलेली वस्तू तापते तशी नव्हे. बाईने कानातून आत्ता काढून तुमच्या तळव्यावर ठेवावी, तशी.

मी काही घाबरट नाही. कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेलं आहे, भिंतीपलीकडे शेगडी आहे. झालं, लागला हिशेब. मग शेजारच्या डबीतली पाचूची अंगठी ओठाला लावली. गार. माणकांचा हार गार. मोती गार. एकाच फळीवर, एकाच भिंतीला. मी कुड्या पुसल्या, ठेवल्या आणि कारखान्यात जाऊन बायकांवर उगाच ओरडले.

शुक्रवारी धुवायला काढल्या तर त्यांचं पाणी मेलेलं. भिंगातून बघितलं, दगडांच्या पाठीला तेलकट पापुद्रा होता. बरेच दिवस रोज घातल्यावर येतो तसा. तेलालाही वास होता, जुना, वेखंडाचा. आमच्या घरात वेखंड वापरायचं बंद होऊन जमाना झाला.

मी कामवाल्या पेच्चीला हाक मारली.

"खरं सांग. माझ्या मागे कपाट उघडून कुड्या घालून बघतेस?"

ती पदर खोचून समोर उभी राहिली. "माझ्या कानाकडे बघा आच्ची. भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घालते मी. तुमची ती जाड दांडी यात शिरेल तरी का? आणि किल्ली कुठे असते? तुमच्या कमरेला. झोपताना तरी सोडता का?"

खरं होतं. मी तिला सॉरी म्हटलं नाही, पण पोराच्या फीचे पैसे त्या दिवशी न मागता दिले.

दूध नासलं नाही. कुणी पडलं नाही. घरात भांडायला दुसरं कुणी नाहीच. रिवाजाप्रमाणे सगळं आलबेल होतं. दूध उतू गेलं असतं तर बरं, असं वाटायला लागलं. कुड्या धुवायच्या आणि कपाटात ठेवायच्या, पुन्हा काढल्या की कोमट आणि तेलकट. माझ्या घरात कुणीतरी माझ्या मुलीच्या कुड्या वापरत होतं.

४

बँकेचा लॉकर हे माझं देऊळ आहे. एक किल्ली माझी, एक त्यांची. दोन्ही फिरल्याशिवाय काही उघडत नाही, आणि आत कुणी जाऊ-नणंद येऊन बसत नाही. मी कुड्या घासूनपुसून कोरड्या केल्या, फिरक्या काढून वेगळ्या कागदात गुंडाळल्या आणि सगळं लॉकरमधे ठेवून आले. म्हटलं, घाल आता काय घालायचं ते.

पोंगलच्या तोंडावर परत गेले. बँकेतल्या मुलीने तिची किल्ली फिरवली आणि बाहेर गेली. खोलीत पंखा घरघरत होता. डबी हातात घेतली आणि न उघडताच कळलं. पत्र्याच्या थंडगार खणातून काढलेली डबी तळहाताला ऊब देत होती.

आत कुड्या होत्या. फिरक्यांचा कागद रिकामा, नीट घडी घातलेला. फिरक्या कुड्यांना लागलेल्या होत्या, पण शेवटपर्यंत आवळलेल्या नव्हत्या. दोन्हीकडे हिरा आणि फिरकी यांच्यात सारखीच जागा सुटलेली होती. कानाच्या पाळीपुरती. तीही म्हाताऱ्या, पातळ झालेल्या पाळीपुरती.

मी खुर्चीत बसले. मला विसर पडला असेल. फिरक्या मीच लावल्या असतील आणि काढल्या असं वाटत असेल. साठीला आलेल्या बाईच्या डोक्याचा भरवसा काय? असं सगळं मी स्वतःला सांगितलं, मोठ्याने सांगितलं.

त्या खोलीच्या भिंतीवर तळहाताएवढा आरसा आहे. लग्नाला निघालेल्या बायका तिथेच दागिने घालून पुढे जातात, त्यांच्यासाठी लावलेला. माझं तोंड कसं झालंय बघावं म्हणून मी उठले. आरसा लहान, त्यात एका वेळी एक कान आणि थोडी मान एवढंच मावतं. मी डावी बाजू वळवली.

आरशात कानात कुडी होती. पाळी लांबलेली, भोक फाटत आलेलं, आणि त्यावर ओढून बांधलेले पांढरे केस.

माझे केस मी महिन्याच्या महिन्याला काळे करते. आणि दोन्ही कुड्या माझ्या मुठीत होत्या.

मी गर्रकन वळले. मागे लॉकरांची भिंत होती, बाकी काही नाही. पुन्हा आरशात बघितलं, माझाच कान, मोकळा. बाहेरून बँकेतल्या मुलीने विचारलं, "झालं का आच्ची?" मी म्हटलं, "झालं." कुड्या कमरेच्या पिशवीत टाकल्या आणि घरी येईपर्यंत त्या जागी पोटाला ऊब लागत राहिली.

५

कदिरेसनला फोन केला तर तो तासाभरात दारात. एरवी बोलावून आठवडा लावतो.

"परत द्यायच्यात ना, आच्ची? द्या. काही विचारत नाही मी."

"तू नको विचारूस, मी विचारते. कुणाच्या या?"

"दगडाला त्याचं घर विचारू नये."

"याआधी किती जणींनी परत केल्या?"

तो चपलेकडे बघत राहिला. "लोक ठेवून बघतात, परत करतात. आमचा धंदाच तसा आहे. एकाही घरात काही वाईट घडलं नाही, देवाशपथ. फक्त... ठेवून घेत नाही कुणी."

मला एकदम त्या म्हातारीचं वाईट वाटलं. जी कोण असेल ती. तिच्याही मागून कुणीतरी येऊन फिरकी सैल केली असणार. त्यानंतर घरोघरच्या कपाटांत तिला ठेवून बघितलं आणि परत पाठवलं. तिच्या कुड्या घालून बसायला तिला आम्हीच जागा देत होतो, दर वेळी नवी.

तेवढ्यात सिगप्पी अक्का आल्या. पेच्चीने काहीतरी बडबड केली असणार. येताना लाल मखमलीची डबी घेऊनच आल्या होत्या.

"मला कळलं हो. नाहीत लाभल्या. मनाला लावून घेऊ नकोस, आपलं नशीब एकेक. या बघ तुझ्या जुन्या. जशाच्या तशा सांभाळल्यात."

त्यांनी डबी उघडली. इतक्या वर्षांनी माझ्या लग्नातल्या कुड्या मी बघत होते. हात पुढे केला आणि एक उचलली. तिचं पाणी मेलेलं होतं. भिंगाची गरज नव्हती, दगडांच्या पाठीला पिवळट थर साचलेला नुसत्या डोळ्यांना दिसत होता. आणि कुडी कोमट होती.

मी अक्कांच्या कानांकडे बघितलं. पाळीवर नुकत्याच काढलेल्या कुडीचा गोल वळ उमटलेला होता.

लॉकरच्या खोलीत मी घाबरले होते हे मी कबूल करते. पण या क्षणी माझी भीती पार जळून गेली.

"अक्का, या घरी न्या. आणि घालत जा, लपवू नका. तुमच्या कानाचं तेल माझ्या मुलीच्या कानाला नको."

"काय बोलतेस तू! मोठ्यांशी ही भाषा?"

"कदिरेसन, उद्या कारखान्यात ये आणि पैसे घेऊन जा. कुड्या मी ठेवल्या."

"आच्ची," कदिरेसन हळूच म्हणाला, "एकदा विचार करा. परत करायला लाज नसते."

"लाज नसतेच. म्हणून तर सगळे परत करतात."

अक्का फणकाऱ्याने उठल्या, उंबऱ्यात अडखळल्या, डबी छातीशी धरून गेल्या. जाताना म्हणाल्या, "पोरीच्या कानात घालशील त्या, आणि मग रडशील."

खरी भीती तीच होती. मी मेले तरी चालेल, पण ते आरशातलं तेनूच्या खांद्यावर वाकलेलं मला चालणार नव्हतं.

६

आज दुपारी पेच्ची जेवून घरी गेल्यावर मी खोलीत बसले. आरशाकडे मुद्दाम पाठ केली. कुणाला दिसायचं असेल तर समोर यावं, आडून बघू नये.

कानांची भोकं जवळजवळ बुजलेली. डाव्या कानात दांडी दाबली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, बोटाला रक्त लागलं. तरी दाबली. उजव्यातही घातली. फिरक्या बसवल्या. मग पदर सावरला आणि मोकळ्या खोलीत बोलले. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि मी एकटी बोलत होते.

"हे बघ बाई. तुझ्या ज्यांनी काढून घेतल्या त्यांच्याकडे जा. मी काढलेल्या नाहीत. मी चकल्या तळून घेतल्यात. माझ्या कानातून एकदा काढून नेल्या तेव्हा मी गप्प बसले, आता बसणार नाही. या माझ्या मुलीच्या कानात जाणार आहेत. त्याआधी तुला जे काय करायचं ते माझ्या कानाशी कर. इथे. तुला कुणी ठेवून घेत नव्हतं ना? मी ठेवलं. पण घालणार आम्ही."

बराच वेळ काही झालं नाही. कुड्या गार होत्या, हे माझ्या लक्षात आलं. पहिल्यांदाच गार. मला हसू आलं.

मग डाव्या पाळीमागे फिरकी हलली.

केसाएवढी हलली. मला वाटलं, कानातली नस उडते आहे. पुन्हा हलली, सैल व्हायच्या बाजूला. मी झटकन हात नेला आणि फिरकी चिमटीत धरली. माझ्या बोटांखाली दुसरी बोटं होती. अक्कांसारखी खरखरीत नाहीत. मऊ, तेलकट, कोमट. वेखंडाचा वास अगदी कानाशी आला.

मी ओरडले नाही, वळलेही नाही. फिरकी घट्ट व्हायच्या बाजूला फिरवली.

तेवढ्यात फोन वाजला. उजव्या हाताने घेतला.

"अम्मा, पोंगल झाला. लाभल्या का गं कुड्या?"

"लाभल्या."

"नक्की? सिगप्पी पेरियम्माचा फोन आला होता. काहीतरी भलतंच सांगत होती."

"त्यांच्या डबीतल्या कुड्या मी परत पाठवल्या, म्हणून चिडल्यात. तुझ्या कुड्या माझ्या कानात आहेत आत्ता."

तेनू किंचाळलीच. "तू घातल्यास? अम्मा! लोक काय म्हणतील?" आणि मग हसायलाच लागली, लहानपणी हसायची तशी. "फोटो पाठव ना! आत्ता पाठव."

"आत्ता नाही जमायचं. एक हात गुंतलाय."

"कशात?"

"धरून बसलेय."

"मग मला कधी घालशील?"

"यांचं माझ्याशी जुळलं की. लगेच."

फोन ठेवला. ऊन खिडकीतून सरकून कपाटापर्यंत आलं आहे. डावा हात कानावरच आहे, खांदा भरून आला आहे. तिची बोटं फिरकी जराशी सैल करतात, मी घट्ट करते. पुन्हा सैल करतात, पुन्हा घट्ट करते. ती चिवट आहे हे कळलं. पण तिला माझी माहिती नाही. लग्नाला अजून वेळ आहे आणि मला कसलीच घाई नाही. मी वस्तू राखायला घेते.